शिट्टीताईंच्या दातांना तार

आमच्या ताईंच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक फट होती आणि त्या फटीवर त्यांचं सगळं राज्य चालायचं.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. वय सेहेचाळीस, रुंद खांदे, बसका आवाज, आणि केसांना बारा महिने तरणतलावात टाकतात त्या औषधाचा वास. गेली बावीस वर्षं त्या तलावावर मुलांना पोहायला शिकवतात. जीभ फटीमागे टेकवायची, ओठ जरासे ताणायचे आणि श्वास सोडायचा, की अशी शिट्टी निघायची की तलावावरच्या पत्र्यात बसलेली सगळी कबुतरं एकदम उडायची. एक लांब शिट्टी म्हणजे आहात तिथे थांबा. दोन आखूड म्हणजे कडेला या. तीन आखूड म्हणजे पाण्याबाहेर, तेही आत्ताच्या आत्ता. मुलं त्यांना शिट्टीताई म्हणायची. मग मुलांचे आईवडील म्हणायला लागले, आणि शेवटी आमचे हे, म्हणजे सख्खा भाऊसुद्धा, फोनमध्ये बहिणीचं नाव 'शिट्टीताई' असंच ठेवून मोकळे झाले.

"गळ्यात एक प्लॅस्टिकची शिट्टी अडकवा की," असं मी एकदा म्हणून बसले होते.

"वहिनी, तू कणीक मळताना तोंडात चमचा धरतेस का?" ताई म्हणाल्या. "माझे दोन्ही हात पोराच्या पोटाखाली असतात. तोंडात शिट्टी कोंबली तर त्याला 'घाबरू नकोस' कोण म्हणणार? तू येतेस का पाण्यात?"

देवाने मला जमिनीवर ठेवलंय आणि मी त्याच्या इच्छेबाहेर जात नाही. घोट्यावर पाणी आलं की माझं नामस्मरण सुरू होतं.

सकाळची प्रार्थना झाली की वहीत चार ओळी लिहायची माझी जुनी सवय आहे. त्या वहीत एका बुधवारी लिहिलंय : 'ताईंची शिट्टी आज फुसकी निघाली.' झालं असं, की ताई आमच्याकडे आल्या की जिन्यातूनच एक लांब शिट्टी वाजवायच्या आणि आमची लेक असेल तिथून धावत सुटायची. त्या दिवशी शिट्टी मधेच तुटली. ताई वर आल्या त्या जिभेने दात चाचपत.

"काय झालं?"

"काही नाही. डावा जरा हलतोय."

"हलतोय म्हणजे?"

"म्हणजे हलतोय. लहानपणी नाही का हलायचे?"

लहानपणी हलायचे ते पडायचे आणि नवे यायचे. सेहेचाळिसाव्या वर्षी कुठले नवे येणार? पण ताईंना दवाखान्याचं नाव काढलेलं चालत नाही. सर्दी झाली तरी म्हणतात, चार फेऱ्या मारल्या की जाईल.

नशिबाने दुसऱ्याच दिवशी आमच्या लेकीची दातांच्या डॉक्टरांकडे जायची पाळी होती. तिचं वय बारा. वरचे दात पुढे आले होते, खालचे एकमेकांवर चढले होते, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिला तार बसवली होती. मी ताईंना म्हटलं, "उद्या आम्हाला स्कूटरवरून सोडता का?" यात खोटं काही नव्हतं, फक्त मी सगळं सांगितलं नव्हतं. देवाला मात्र त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

दात सरळ करणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेर असतील. बारीक चणीच्या, पण बोटांत भलतीच ताकद. त्यांच्या खोलीत एका कपाटात लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे रांगेने मांडून ठेवलेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, इतकी माणसं एकदम हसताहेत तरी कशाला. लेकीची तार बदलता बदलता बाई ताईंशी बोलायला लागल्या. काहीतरी विनोद झाला, ताई मोठ्याने हसल्या, आणि बाईंचे हात थांबले.

"ताई, हिचं झालं की तुम्ही बसता का जरा खुर्चीत?"

"मी? मी ड्रायव्हर आहे."

"ड्रायव्हरला पण दात असतात."

दहा मीटर उंच फळीवरून डोकं खाली करून उडी मारणारी बाई त्या खुर्चीचे हात असे घट्ट धरून बसली, की वाटलं खुर्चीच उडी मारणार आहे. लेक शेजारी उभी राहून सांगत होती, "आत्या, नाकाने श्वास घे. नाकाने." पाण्यात उतरताना ताई तिला हेच सांगायच्या.

बाईंनी हिरड्या तपासल्या, फोटो काढला, पडद्यावर लावला आणि पेन्सिलीने दाखवलं. "ही फट तुम्हाला लहानपणापासून असणार. पण हिरड्यांना सूज आहे, त्यामुळे खालचं हाड झिजलंय. दातांचा पाया खचला की ते पंख्यासारखे बाहेर फाकतात. फट रुंद होतेय ती त्यामुळे. आधी हिरड्या बऱ्या करायच्या, मग तार लावायची. काही केलं नाही तर चार-पाच वर्षांत हे दोन्ही दात तुमच्या हातात येतील."

"या वयात तार?"

"मी वय विचारत नाही, हाड बघते. धरून ठेवण्याइतकं हाड आहे तुमचं. हिच्यात आणि तुमच्यात फरक एवढाच, की हिचा जबडा अजून वाढतोय, त्या वाढीला मी वळण देते. तुमची वाढ झालीय. तुमचे नुसते दात सरकवायचे, आणि तेही हळू."

"पण सरकतात कसे? हाडात घट्ट रोवलेले असतात ना?"

"भिंतीतल्या खिळ्यासारखे नसतात ते. दाताभोवती मऊ पडदा असतो. तार ज्या बाजूला ढकलते तिकडचं हाड हळूहळू विरतं, आणि दात पुढे गेला की मागे नवं हाड भरतं."

आता ताईंचे डोळे चमकले. "म्हणजे पाण्यासारखंच की. पुढचं बाजूला होतं, मागे भरून येतं."

"तसंच. फक्त महिन्याला एक मिलिमीटर या वेगाने."

ताईंनी थोडा वेळ विचार केला. मग अगदी शिंप्याला सांगावं तसं म्हणाल्या, "बरं. मग शिट्टीपुरती फट ठेवा."

बाईंना ती थट्टा वाटली. तेव्हा ताईंनी खुर्चीतूनच दोन आखूड शिट्ट्या वाजवून दाखवल्या. जरा चिरकल्या, पण वाजल्या. दार उघडून मदतनीस बाई घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या. त्यांच्यामागे बाहेर दिसलं, की बाकावर बसलेल्या तिघांपैकी दोन मुलं उठून भिंतीला चिकटून उभी राहिली होती. तलावावरची होती ती. कडेला या म्हटलं होतं, ती कडेला आली होती.

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. पण मग खुर्ची जवळ ओढून शांतपणे म्हणाल्या, "अर्धी फट ठेवली तर ती पुन्हा रुंदावत जाईल. मी तुम्हाला फसवणार नाही. दात वाचवायचे असतील तर ही शिट्टी जाणार."

घरी आल्यावर ताई बूट न काढताच खुर्चीत बसून राहिल्या. मी सूप गरम केलं, त्यांनी ढवळत ठेवलं. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, दात पडले तर शिट्टी कुठून वाजवणार आहेस? खिंडीतून?"

ताईंनी हातातला चमचा भावाच्या दिशेने उगारला. पण दुसऱ्या दिवशी फोन करून तारीख घेतली.

हिरड्यांवर दोन महिने गेले. मग तार बसली. प्रत्येक दातावर एक चिमुकली धातूची टिकली चिकटवतात, त्यातून तार ओवतात आणि ती रबराच्या इवल्या कड्यांनी बांधतात. कड्यांना रंग असतात. लेकीने आत्यासाठी तलावाच्या फरशीचा निळा निवडला आणि त्या दिवसापासून आमच्या घरातला मान-पान उलटापालटा झाला.

"आत्या, या खात्यात मी तुझ्याहून सीनियर. पाच महिने सीनियर. टिकली टोचली की हे मेण लावायचं. सफरचंद चावायचं नाही, फोडी करायच्या. आणि जेवल्यावर आरशात बघायचं, नाहीतर दातांत पालकाची बाग घेऊन फिरशील."

"बरं, ताईसाहेब."

"आणि पहिले चार दिवस रडावंसं वाटेल. रडलीस तर चालेल."

ताई रडल्या नाहीत. चार दिवस मऊ भात आणि कुस्करलेलं केळं खाल्लं आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या पोरांना पहिल्या दिवशी नाकात पाणी गेल्यावर कसं वाटत असेल ते आता कळलं. इतकी वर्षं मी नुसतंच 'काही होत नाही' म्हणत होते."

महिन्याच्या महिन्याला फट मिटत चालली आणि तसतशी शिट्टी बारीक होत गेली. आधी पातेल्यावरच्या झाकणासारखी, मग नुसती वाफ. पाचव्या महिन्यात एकदा ताईंनी तीन आखूड वाजवल्या आणि खोल बाजूची मुलं आपली पोहतच राहिली. कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी नाइलाजाने प्लॅस्टिकची शिट्टी गळ्यात आली. तिचा आवाज खणखणीत होता, यात शंका नाही. पण तलावावर आणखी तीन प्रशिक्षक, तिघांच्या गळ्यात तीच शिट्टी. ताईंनी तीन वाजवल्या आणि चारही तुकड्या पाण्याबाहेर येऊन कुडकुडत उभ्या राहिल्या. एका तुकडीची तर शर्यत चालू होती. तिथला पहिला आलेला मुलगा, आपण जिंकलो की नाही, हे विचारत दिवसभर फिरत होता.

तलावाचे व्यवस्थापक मनाने चांगले, पण नियमाचे पक्के. त्यांनी ताईंना खोलीत बोलावलं. "खोल बाजूला मुलांना तुमचीच शिट्टी ओळखता आली पाहिजे. तोवर ती तुकडी मी नव्या मुलीकडे देतो. तुम्ही सकाळी सातची मोठ्या माणसांची तुकडी घ्या, उथळ बाजूला."

"तोवर म्हणजे?"

"शिट्टी परत आली की खोल बाजू परत."

बावीस वर्षं ज्या बाजूला उभ्या राहिल्या ती बाजू ताई आता लांबून बघायच्या. आमच्याकडे येताना जिन्यात आता नुसत्या त्यांच्या चपला वाजायच्या, तेवढंच. माझी लेक त्या खोल तुकडीतलीच. ती म्हणायची, "आई, नवीन ताई चांगली आहे गं. पण ती ओरडते. ओरडणं पाण्याखाली ऐकू येत नाही."

मग ताईंनी एक उद्योग केला. आठव्या महिन्यात बाईंनी त्यांना बारीक रबरं दिली. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक अडकवायचं, वरचे दात आत ओढण्यासाठी. ताई जन्मभर मुलांना सांगत आल्या, की मी दहा फेऱ्या सांगितल्या तर तुम्ही बारा मारा. त्यांनी तोच हिशोब दातांना लावला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन रबरं अडकवली. तार लवकर सुटेल, शिट्टीचं काय ते लवकर कळेल, खोल बाजू लवकर मिळेल.

चौथ्या दिवशी त्यांना उकडलेला बटाटासुद्धा चावेना. लेकीला संशय आला. "आत्या, आ कर." आ केला. लेकीने कमरेवर हात ठेवले.

डॉक्टरीणबाई रागावल्या. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं. "जोर दुप्पट केला म्हणजे दात दुप्पट वेगाने जात नाही. मागे हाड भरायच्या आत तो सरकला तर नुसता सैल होतो. आता सहा आठवडे रबर बंद. आराम."

"आराम?" ताई असं म्हणाल्या, जणू बाईंनी शिवी दिली.

लेक हळूच म्हणाली, "आत्या, तूच सांगतेस ना, पाण्याशी मारामारी करायची नाही? हातपाय आपटणारा जागच्या जागीच राहतो?"

ताईंनी तिच्याकडे बघितलं, कपाटातल्या जबड्यांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हिला मीच शिकवलंय. भोगते."

त्या सहा आठवड्यांत आत्या-भाचीने दुसरं काम हाती घेतलं. फटीशिवाय शिट्टी वाजवता येते का? लेकीने कुठून तरी शोधून काढलं, की खालचा ओठ खालच्या दातांवर ओढून घ्यायचा, जिभेचं टोक मागे दुमडायचं आणि फुंकायचं. ओठ टिकल्यांना घासला जायचा, मग मेण लावायचं, पुन्हा फुंकायचं. आमच्या घरात दिवसभर नुसतं फुस्स, फुस्स. हे वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारायचे, "कुणाच्या सायकलची हवा जातेय?"

ताई गाल फुगवून, लाल होईपर्यंत फुंकायच्या. वारा भरपूर, आवाज नाही. मी देवाकडे सहसा किरकोळ गोष्टी मागत नाही. त्याला मोठी कामं आहेत. तरी त्या दिवसांत रोजच्या प्रार्थनेच्या शेवटी एक ओळ जोडायचे, की ताईंच्या शिट्टीकडेही बघ. मग वाटायचं, हसत असेल तो.

तार बसल्यापासून सोळाव्या महिन्यात ती निघाली. टिकल्या एकेक करून कटकट सुटल्या. बाईंनी दातांच्या मागच्या बाजूला केसाएवढी बारीक तार चिकटवली. "ही राहू द्यायची. दातांना जुन्या जागेची आठवण फार दिवस असते. सोडले तर परत निघतात." लेकीचीही तार त्याच महिन्यात निघाली होती. तिला झोपताना घालायला काढता-घालता येणारा साचा मिळाला, आणि तो कागदात गुंडाळून कुठे ठेवायचा नाही, डबीतच ठेवायचा, अशी तंबी.

ताईंनी आरसा घेतला. खूप वेळ बघत राहिल्या. सरळ, एकमेकांना लागून उभे असलेले दात. सुंदर दिसत होत्या हो! मी तसं म्हटलं तर लाजल्या, आणि ताईंना लाजताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मग जीभ जुन्या जागी नेऊन त्यांनी फुंकून बघितलं. काही नाही. "गुळगुळीत आहे सगळं," त्या म्हणाल्या. "जिभेला घर सापडत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला तलावावर सोडायला गेले आणि पायऱ्यांवर बसले, पाण्यापासून चार पायऱ्या वर. खोल बाजूला मुलांची तुकडी, उथळ बाजूला ताईंची मोठ्या माणसांची. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर होते. वय त्रेसष्ट, डोक्यावर पिवळी टोपी. नऊ महिने येत होते आणि नऊ महिन्यांत त्यांनी कडेचा दांडा सोडला नव्हता. आज ताईंनी त्यांना पाण्यावर आडवं केलं होतं, दोन्ही हात पोटाखाली.

"बाई, सोडू नका हं!"

"नाही हो सोडत."

"सोडणार असाल तर आधी सांगा!"

"सांगते ना. पाय हलवा. मारामारी नको, नुसते हलवा."

"धरलंय ना?"

"धरलंय."

मला वरून दिसत होतं, की ताईंचे दोन्ही हात पाण्याबाहेर, हवेत होते. पिवळी टोपी संथ पुढे चालली होती. चार हात, सहा हात, आठ. ताई जागेवरच उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा असा फुलत गेला, की मी जपाची माळ हातात धरून ती ओढायचीच विसरले.

आणि शिट्टी वाजली.

जुनी नव्हे. ही जाड होती, गोल, खालच्या सुरातली. एक लांब. पत्र्याखाली घुमली आणि संपली. खोल बाजूला एकही मूल थांबलं नाही. सगळी माना वळवून बघायला लागली, की कुणी वाजवली. नवी प्रशिक्षक छताकडे बघत होती. कबुतरं जागची हलली नाहीत. आणि गंमत म्हणजे ताईसुद्धा मागे वळून बघत होत्या.

"आत्या!" माझी लेक पाण्यातून ओरडली. "आत्या, तूच! तूच वाजवलीस, ओठाने!"

पलीकडे पोस्टमास्तर कडेला पोचले होते. दांडा पकडून, टोपी सावरत ते म्हणाले, "शिट्टी कुणी मारली मधेच? मी दचकून बुडलो असतो!" मग त्यांनी मागे बघितलं. ताई किती लांब उभ्या आहेत ते बघितलं. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही धरलं नव्हतंत."

"नाही."

"खोटारड्या आहात."

"आहे," ताई म्हणाल्या आणि सगळे दात दाखवून हसल्या.

आरडाओरडा ऐकून व्यवस्थापक चहाचा कप घेऊन बाहेर आले. ताईंनी त्यांच्या समोर उभं राहून तीन आखूड वाजवायला घेतल्या. दोन वाजल्या, तिसरीची वाफ झाली. व्यवस्थापकांनी चहाचा घोट घेतला. "येतेय. पण मुलांना ओळखीची व्हायला हवी. महिनाभर शिकवा त्यांना, मग खोल बाजू तुमची."

"पंधरा दिवस," ताई म्हणाल्या.

कडेला लोंबकळत असलेल्या लेकीने नुसती दोन बोटं वर केली. दोन रबरं.

ताईंनी डोळे मिटले. "बरं बाबा, महिना."

रोज सकाळी सराव संपला की मुलं पाण्यात पाय सोडून रांगेने बसायची आणि ताई त्यांना नवी शिट्टी शिकवायच्या. ही थांबा. ही कडेला या. ही बाहेर. मुलं आधी चुकली, खूप हसली, मग शिकली. महिना पुरा झाला त्या सोमवारी ताई खोल बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी पायऱ्यांवर होते. तीन आखूड वाजल्या, तिन्ही सारख्या, आणि सगळी तुकडी एका दमात पाण्याबाहेर आली.

त्या दिवशी वहीत मी एकच ओळ लिहिली : 'देवाची कृपा. आज कबुतरं उडाली.'